मिशीची रेघ आणि पिवळी किनार

जानेवारीत वाराणसीभोवतीची मोहरी फुलली, की पिवळे-काळे पट्टे मिरवणारे किडे फुलांपुढे जागच्या जागी तरंगताना दिसतात. त्यांना मधमाशी समजू नका. पंख मोजा, चार नाहीत, दोनच. ही सिरफिड माशी. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या मोहरीवरचा मावा फस्त करतात.

पण जात कोणती? मोबाइलमधला फोटो मोठा करून पोट बघा. रुंद काळ्या पट्ट्यांच्या जोडीला मिशीसारखी बारीक काळी रेघ असेल, तर ती एपिसिर्फस बाल्टिएटस. रेघ नसेल आणि छातीच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी किनार असेल, तर इस्किओडॉन स्क्युटेलॅरिसची शक्यता मोठी. नुसत्या रंगावर मात्र विसंबू नका. कोश थंडीत वाढला, तर एपिसिर्फस बरीच काळपट निघते. म्हणून वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो घ्याच.

पॅरागस या चिमुकल्या माश्यांच्या काही जाती तर नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वेगळ्या करता येतात. अशा फोटोखाली फक्त ‘पॅरागस’ लिहावे. ते उत्तर अपुरे असले, तरी खरे असते.