नखाखालचा जीव

मुलीची नखं कापताना परवा नेलकटर जरा खोल गेला. रक्त आलं नाही, पण ती कळवळली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, जिव्हाळीपर्यंत कशाला कापतेस!" नखाखालच्या त्या गुलाबी, हुळहुळ्या मांसाला जिव्हाळी म्हणतात हे मी विसरूनच गेले होते. इंग्रजीत याला काय म्हणत असतील म्हणून कोश उघडला, तर शब्द निघाला 'क्विक'.

आपल्या ओळखीचा क्विक म्हणजे झटपट. दहा मिनिटांत दारात किराणा, दोन मिनिटांत नाश्ता. नखाखाली कसली आलीय घाई?

घाईचा तिथे संबंधच नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्विक म्हणजे जिवंत. नख मेलेलं असतं, कापलं तरी दुखत नाही. जिथून दुखायला लागतं तिथून क्विक सुरू. पुढे अर्थ सरकत गेला: जिवंत ते हलतं, हलतं ते चपळ, चपळ ते वेगवान. जिवंतपणाचं काम 'लिव्हिंग' आणि 'अलाइव्ह' या शब्दांनी उचललं, आणि क्विककडे राहिला नुसता वेग. जुना अर्थ मात्र घरातल्या जुन्या भांड्यासारखा कुठल्या कुठल्या फडताळात पडून आहे.

सगळ्यात देखणं फडताळ पाऱ्याचं. पाऱ्याला इंग्रजीत क्विकसिल्व्हर म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी. लॅटिनमध्येही त्याचं नाव तेच. लहानपणी आमच्याकडे थर्मामीटर फुटला होता. शहाबादी फरशीवर चकचकीत गोळ्या पळत होत्या, बोट लावलं की एकीच्या चार व्हायच्या आणि ढकलल्या की पुन्हा एक. (पारा विषारी असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.) तो तुकडा तुकडा होऊन पुन्हा जुळताना पाहिला की त्याला जिवंत का म्हटलं ते विचारावं लागत नाही. आपल्या अमरकोशात पाऱ्याचं एक नाव 'चपल' आहे. एकाच धातूकडे बघून एकांना जीव दिसला, दुसऱ्यांना चापल्य. आणि क्विक या एका शब्दाने आयुष्यभरात हे दोन्ही अर्थ वागवले!

कळीचा चुना म्हणजे क्विकलाइम. त्याच्या ढेकळावर पाणी ओता: ते फसफसतं, तापतं, वाफा सोडतं, तडकतं आणि शेवटी निमूट पीठ होऊन बसतं. शेताच्या बांधावर झाडं लावून केलेलं कुंपण क्विकसेट हेज. आपला शेतकरी त्याला जिवंत कुंपणच म्हणतो. ख्रिस्ती श्रद्धासूत्राच्या जुन्या इंग्रजी पाठात अखेरचा न्याय मेलेल्यांचा आणि 'क्विक' माणसांचा होणार आहे. आता तो अर्थ विसरल्यामुळे तिकडे एक विनोद चालतो की, रस्ता ओलांडणारे दोनच प्रकारचे, क्विक आणि डेड.

पण मला थबकवलं ते कोर्टातल्या क्विकने. इंग्लंडमध्ये फाशी सुनावलेली बाई 'मला दिवस गेलेत' म्हणाली, तर न्यायाधीश तिथल्या तिथे जाणत्या बायकांची ज्यूरी नेमत. त्यांनी तिला तपासून सांगायचं की ती 'क्विक विथ चाइल्ड' आहे का, म्हणजे पोटातलं मूल हलायला लागलंय का. हो म्हणाल्या तर फाशी पुढे ढकलली जाई. कितीतरी शतकं चाललेली ही ज्यूरी कायद्यातून गेली ती थेट 1931 साली. साधारण 16 ते 20 आठवड्यांच्या सुमारास आईला बाळाची पहिली हालचाल जाणवते, तिला डॉक्टर आजही 'क्विकनिंग' म्हणतात. घाई होणं नव्हे, जीव जाणवणं.

असे शब्द इंग्रजीत कितीतरी. 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न, म्हणूनच शुद्ध शाकाहारी मिठाईवाल्याच्या पाटीवर 'स्वीटमीट' बिनधास्त बसतं. 'डिअर' म्हणजे कुठलंही जनावर, नंतर फक्त हरीण. याला हसण्याआधी आपला मृग आठवावा. तोही आधी कुठलाही वन्य प्राणी होता. नाहीतर सिंह मृगेंद्र कसा झाला असता, आणि माकड शाखामृग? हजारो मैल लांबच्या दोन भाषांनी सगळ्या रानातून नेमकं हरीणच उचलावं, याची मला गंमत वाटते.

पण क्विकची गोष्ट नुसत्या योगायोगाची नाही. संस्कृत आणि इंग्रजी एकाच फार जुन्या भाषेतून निघाल्या. तिच्यातला मूळचा 'ग' इंग्रजीच्या घराण्यात कडक होऊन 'क' झाला. संस्कृतात तो कधी 'ग' राहिला, कधी मऊ होऊन 'ज' झाला. म्हणून आपली गो, त्यांची काऊ. आपला जन, त्यांचं किन. आपलं जानु म्हणजे गुडघा, त्यांचं 'नी', ज्याच्या स्पेलिंगमधला मुका के एकेकाळी बोलायचा. त्याच ओळीत पुढचा जोड येतो: आपला जीव, त्यांचा क्विक. फारसीतला जिंदा याच कुळातला, आणि बायोलॉजीतला 'बायो'सुद्धा.

कोश मिटला तेव्हा आईची जिव्हाळी पुन्हा आठवली. तिच्यात तर जीव सरळच ऐकू येतो. कोणाचं बोलणं जिव्हारी लागलं की इंग्रज म्हणतो, 'कट टु द क्विक'. मुलीला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातातला नेलकटर काढून घेतला आणि उरलेली चार नखं स्वतःच कापली, जिव्हाळीच्या चांगलं अलीकडे थांबून.