मनाच्या दुखण्याला बोलीतलं औषध

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. १९९२ सालापासूनची ही प्रथा. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी फेरी निघते, शाळेतल्या पोरांच्या हाती फलक दिले जातात, दवाखान्याच्या व्हरांड्यात 'नैराश्य', 'चिंताविकार' अशा शब्दांची पोस्टरं लागतात. आता तुम्हीच सांगा, तुमच्या वस्तीवर आजवर कुणी म्हणालंय का, 'मला नैराश्य आलंय'? आपल्याकडची बाई म्हणते, 'जिवाला करमत नाही, छातीत धडधडतं, अंगात त्राणच राहिलं नाही.' गडी तर तेवढंही बोलत नाही, संध्याकाळी गुत्त्यावर जाऊन बसतो. मग बाईला सलाईन लागतं, गड्याला घरच्यांच्या शिव्या मिळतात आणि दुखणं जिथल्या तिथं राहतं.

या बाबतीत आपल्याच नाशिक जिल्ह्यात एक चांगलं काम झालं, पण त्याची चर्चा जिल्ह्याबाहेरच जास्त. पेठ तालुका तुम्हाला ठाऊक आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली यांची वस्ती. भात-नागली हाती आली की बिऱ्हाडं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. अशा डोंगरपाड्यांवर मनाचा डॉक्टर कुठून येणार? पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात इथल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प राबवला. बाहेरून तज्ज्ञ आणून बसवण्यापेक्षा त्यांनी बचत गटातल्या बाया, शेतकरी अशी गावातलीच माणसं निवडून तयार केली. त्यातले 'मित्र' कुणाचं बिनसलंय ते हेरायचे आणि 'चॅम्पियन' त्या घरी चार-सहा वेळा जाऊन बसायचे. आधी नुसतं ऐकून घ्यायचं, मग अडचण सुटी करून एकेक बाजूवर मार्ग काढायचा, सोडून दिलेली कामं हळूहळू पुन्हा हाती घ्यायला लावायची. दारू, बेकारी, घरातली मारहाण यांवरच्या छोट्या फिल्म मोबाईलवर दाखवायच्या. आजार जड वाटला तर दवाखान्याची वाट धरायला लावायची.

मला यातली सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. सरकारी योजनेचा लाभ मिळवून देणं हाही या मंडळींनी मदतीचाच भाग धरला. एखाद्या विधवेचं निराधार योजनेचं मानधन सहा महिने अडकलेलं असेल, तर तिला 'मन शांत ठेवा' सांगून काय उपयोग? तिचा कागद तहसील कचेरीत हलवा, मग झोप लागते की नाही ते बघा. पुढे २०१७ पासून हाच प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला.

विदर्भातही असंच दिसलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. आधी उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते; नंतरच्या पाहणीत हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. म्हणजे शंभरातले सत्तरच्या वर तरीही बाहेरच राहिले, हेही ध्यानात घ्या.

'आम्ही भगताकडे नेतो, काय चुकलं?' असं कुणी विचारील. नेऊ नका असं मी म्हणणार नाही. मेहसाणा जिल्ह्यातल्याच उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दुवा आणि दवा एकाच आवारात देण्याचा प्रयोग झाला, मुजावरांनाच आजार ओळखायला शिकवलं गेलं. पण साखळी नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू झालेला. त्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला बेड्या-साखळ्या घालायला सक्त मनाई केली आहे. तुमच्या शिवारात गोठ्यातल्या खुंट्याला कुणी बांधलेलं असेल तर तो घरचा मामला राहिलेला नाही. याच कायद्याचं १८ वं कलम सांगतं, की जात, धर्म, लिंग, गरिबी यावरून कुणाला उपचार नाकारता येणार नाहीत. तृतीयपंथीयालाही तोच हक्क.

आणखी एक भीती गावोगाव आहे. कुणी औषध प्यालं की 'पोलीस केस होईल' म्हणून घरचे तासभर दार लावून बसतात, आणि तेवढ्यात माणूस हातचा जातो. आधी गाडी काढा. दवाखाना नोंद करील. पण ११५ व्या कलमाने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही.

१४४१६ हा टेली-मानसचा मोफत सरकारी नंबर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला. तिथं मराठीत बोलता येतं. पाड्यावरच्या ज्या म्हातारीला फक्त कोकणा बोली येते, तिच्यासाठी मात्र फोन धरून शेजारी कुणीतरी बसावं लागेल.