माग कुणाचे, उद्दिष्ट कुणाचं

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्याकडे विलायती यंत्रं होती, दारातला कापूस होता आणि मुंबईचं भांडवल होतं. नव्हता तो हजेरीचा भरवसा. मस्टरावरच्या शंभरातल्या वीसेक कामगारांचा रोज खाडा असे. जमशेटजी टाटांनी व्यवस्थापक म्हणून आणलेले बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेतले. गिरणीच्या धंद्यात ते नवखे होते. खाड्यावर त्या काळी ठरलेला इलाज म्हणजे दंड. एम्प्रेसने वेगळी वाट धरली. नियमित हजेरीला बक्षिसं सुरू झाली आणि ती समारंभाने वाटली जाऊ लागली. खात्यांमधली हवा सुसह्य व्हावी म्हणून यंत्रणा बसली. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. देशात प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा व्हायला त्यानंतर १९५२ साल उजाडावं लागलं.

याला मालकाचा दानधर्म म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला त्यात चोख हिशेब दिसतो. गिरणीत एका माणसाचा खाडा झाला की पुढच्या खात्याला सूत कमी पडतं आणि तिथला माणूस हात चोळत बसतो. पेन्शन मिळायची असेल तर मात्र गिरणी टिकावी, असं कामगारालाही स्वतःच्या पोटासाठी वाटू लागतं. आज कंपन्यांच्या बैठकांत ज्याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात, त्याची ही बरीच जुनी आवृत्ती. माणसं धंद्याच्या उद्दिष्टाशी जुळत नाहीत अशी तक्रार कानावर आली, की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: काम वाटलंय कसं, आणि जास्तीचं काम झालं तर जास्तीचे पैसे कुणाकडे जातात? माणसांच्या ‘मानसिकते’वरची व्याख्यानं त्यानंतर ठेवली तरी चालतात. बहुतेक वेळा त्यांची गरजच उरत नाही.

मुंबईच्या गिरण्यांनी हे दोन्ही प्रश्न स्वतःला क्वचितच विचारले. माणसं सांभाळायचं काम त्यांनी जॉबरवर सोपवलं होतं. जॉबर गावाकडून माणसं आणी, त्यांना कामाला लावी, बदलीवाल्यांपैकी आज कुणाला आत घ्यायचं ते दारावर ठरवी, अडीनडीला उसने पैसे देई आणि या सगळ्याची दस्तुरी खाई. व्यवस्थापकाला बिनबोभाट हजेरी मिळे. पण कामगाराची निष्ठा गिरणीशी न जडता जॉबरशी जडे. व्यवस्थापकाशी बिनसलं की जॉबर आपली सगळी माणसं घेऊन शेजारच्या गिरणीत जाऊ शके. माणसं हाताळण्याचं काम असं बाहेर दिलं की उद्दिष्टही बाहेर जातं. कंत्राटी भरतीवर चालणाऱ्या आजच्या कारखानदारांना हे वेगळं सांगायला नको.

मग आलं ‘रॅशनलायझेशन’. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही गिरण्यांनी, त्यात ससून समूहाच्या गिरण्या पुढे होत्या, साचेवाल्याला दोनऐवजी तीन माग द्यायला सुरुवात केली. कागदावर हिशेब बिनतोड होता: माणसं कमी, कापड तेवढंच. साचेवाल्याच्या बाजूने मात्र तिसरा माग म्हणजे शेजारच्याची भाकरी. एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला, सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले आणि गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती याच धामधुमीत. कार्यक्षमतेच्या शत्रूंचा संप असं त्याचं वर्णन तेव्हाही झालं. पण तीन माग चालवता येतील की नाही हा वादाचा फक्त एक भाग होता. वाचलेल्या पैशातलं कुणाला काय मिळणार आणि घरी बसणाऱ्याचं काय होणार, हा दुसरा. त्याचं उत्तर कुणी आधी देऊन ठेवलं नव्हतं.

पंचवीस वर्षांनी अहमदाबादला जे झालं ते मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही, म्हणून तिथे जरा थांबतो. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलने १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसवले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये सल्लागार म्हणून आले, तेव्हा गिरणी वैतागलेली होती. यंत्रं नवी, कामगार निवडक, कामाचं मोजमाप इंजिनिअरांनी सेकंदांत केलेलं. तरी उत्पादन जुन्या मागांच्या मानाने काही चढत नव्हतं आणि खराब कापड जास्त निघत होतं. जो तो कामगारांच्या सवयींना दोष देत होता.

राइसने सवयींकडे न पाहता नकाशा पाहिला. खात्यात २२४ माग होते, २९ माणसं आणि बारा प्रकारची कामं. विणकराकडे तीसेक माग. बॉबिन भरणाऱ्याकडे पन्नासच्या आसपास. जॉबरकडे ११२. तेल घालणारा आणि झाडूवाला सगळ्या २२४ मागांचे. म्हणजे एका विणकराचे तीस माग दोन बॉबिनवाल्यांत विभागलेले, आणि त्या बॉबिनवाल्यांना आणखी दुसऱ्या विणकरांच्या हाका. सूत तुटलं की विणकर ज्याला बोलावणार तो त्याच वेळी दुसऱ्याच्या मागावर. कुणाचंही वर्तुळ कुणाच्याही वर्तुळाशी जुळत नव्हतं. प्रत्येकाला स्वतःचं काम नेमकं ठाऊक होतं, ते तो करतही होता, आणि तरीही सगळ्यांचं मिळून काही होत नव्हतं. मला हा नकाशा पुण्या-मुंबईच्या कितीतरी कचेऱ्यांत दिसतो: एका प्रकल्पावर पाच खात्यांची माणसं, प्रत्येकाचा साहेब वेगळा, प्रत्येकाचं तिमाही लक्ष्य वेगळं, आणि मग ‘कोऑर्डिनेशन कमी पडतंय’ म्हणून आणखी एक बैठक.

राइसची सूचना साधी होती. सात-सात जणांच्या टोळ्या कराव्यात आणि प्रत्येक टोळीकडे ६४ माग अखंड सोपवावेत. विणण्यापासून तेलपाण्यापर्यंत सगळं टोळीने आपसात वाटून घ्यावं. दर्जांच्या पायऱ्याही कमी कराव्यात. मौज पुढे आहे. कल्पना चर्चेला ठेवली मात्र, कामगारांनी ती उचलली आणि टोळ्या स्वतःच ठरवल्या. कोण कुणाबरोबर काम करणार ही यादी व्यवस्थापकाला करावीच लागली नाही. सुरुवातीचा गोंधळ ओसरल्यावर कार्यक्षमता साधारण ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली आणि खराब कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० वर आलं. कामगार तेच, यंत्रं तीच. ६४ मागांतून आज काय निघालं, हे आता सात जणांना नुसत्या नजरेने दिसत होतं.

टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा तिथे गेले. एका खात्यात टोळीपद्धत बरीचशी टिकून होती. इतरत्र ती विरली होती. बाजार बदलला होता, कापडाचे प्रकार वाढले होते, आणि दडपण आलं की वरचे लोक टोळीच्या आत हात घालू लागले होते. टोळीला माल वेळेवर पुरवणं आणि बाहेरच्या धक्क्यांपासून तिला सांभाळणं, हे व्यवस्थापकाचं खरं काम. ते कंटाळवाणं असतं. हुकूम देणं सोपं.

कॅलिकोतल्या प्रयोगाच्या पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, पीटर ड्रकर यांचं ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ आलं. उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन ही कल्पना जगभर गेली ती त्यातून. ड्रकर यांचा मूळ शब्दप्रयोग दोन भागांचा होता: उद्दिष्टांनुसार आणि आत्मनियंत्रणाने. कंपन्यांनी पहिला भाग घेतला, दुसरा ठेवून दिला. पुढे इंटेलमध्ये अँड्र्यू ग्रोव्ह यांनी त्याचं सुटसुटीत रूप केलं, १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी ते गूगलला नेलं, आणि आता हिंजवडीतल्या दहा माणसांच्या कंपनीतही ‘ओकेआर’ (उद्दिष्टं आणि त्यांची मोजता येणारी मुख्य फलितं) असतात. ग्रोव्ह यांनी बजावलं होतं की हा कागद म्हणजे पगारवाढ ठरवण्याचा कायदेशीर दस्तऐवज नव्हे. एप्रिल आला की ही ताकीद कुणाला आठवत नाही. लक्ष्यावर पगार ठरू लागला की हुशार माणूस दोनच गोष्टी करतो: सोपं लक्ष्य लिहून घेतो, किंवा आकडा जमवतो.

आकडा जमवणं कुठवर जातं याचं उदाहरण अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेची आठ उत्पादनं घालावीत असं लक्ष्य होतं, आणि शाखांमध्ये रोजचा तगादा. २०१६ च्या सप्टेंबरात उघड झालं की ग्राहकांना न विचारता उघडलेली खाती आणि कार्डं वीस लाखांच्या घरात असावीत. १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी आधीच काढले गेले होते, पुढच्या महिन्यात प्रमुखही पायउतार झाले. उद्दिष्टाशी माणसं जुळवण्यात ही बँक कमालीची यशस्वी झाली होती, हे कुणी फारसं बोलत नाही. काउंटरवरच्या मुलीला साहेबाचं लक्ष्य तोंडपाठ होतं.

एम्प्रेसच्या वीस टक्के खाड्यांशी मिळताजुळता आकडा शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियात सापडतो. फ्रीमाँटच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात साधारण तितकीच माणसं गैरहजर असत. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत ‘न्यूमी’ नावाने तो पुन्हा उघडला, बहुतांश जुन्याच कामगारांना घेऊन, त्याच युनियनसह. खाडे दोनेक टक्क्यांवर आले. चूक दिसली तर दोर ओढून लाइन थांबवायचा हक्क प्रत्येकाला होता. पूर्वी लाइन थांबवणं हा गुन्हाच. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा कुणाला कमी केलं नाही, रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिलं. मुंबईत १९२८ मध्ये ज्याचं उत्तर नव्हतं, ते इथे शब्द देऊन आधी दिलेलं होतं. तरी शब्दाला मुदत असते. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, भागीदारीतून बाहेर पडली, आणि १ एप्रिल २०१० रोजी शेवटची गाडी काढून कारखाना बंद झाला. त्या निर्णयासाठी कामगारांच्या हाती कुठला दोर नव्हता.

म्हणून मालकीचा प्रश्न टाळता येत नाही. गिरगावातल्या लोहाणा निवासात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बाई सभासद, म्हणजे मालकीण. सकाळी पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड तपासून घ्यायचे आणि लाटणावळ हातात. पुरुष नोकर असू शकतात, सभासद नाही. पापड जाड झाला तर तो कुणाच्या तरी साहेबाचा तोटा नसतो, हे पंचेचाळीस हजारांवर बायकांना फलक लावून सांगावं लागत नाही. घरबसल्या तुकड्यावर होणाऱ्या कामाच्या मजुरीबद्दलचे आक्षेप अर्थात इथेही लागू आहेत, आणि ते सभासदत्वाने आपोआप मिटत नाहीत.

पापड ठीक, पण यंत्रं आणि मोठं भांडवल लागणाऱ्या धंद्यात हे जमेल का, असा प्रश्न उद्योजकांच्या मेळाव्यात हमखास येतो. स्पेनमधल्या मोंद्रागोनच्या सहकारी संस्था १९५६ पासून यंत्रं आणि घरगुती उपकरणं बनवत आल्या आहेत. कामगार तिथे सभासद असतात आणि संचालक निवडतात. त्यांतली फ्रिज-शेगड्या बनवणारी फागोर २०१३ मध्ये बुडाली. बऱ्याच सभासदांना भगिनी संस्थांनी कामावर सामावून घेतलं. मात्र फागोरमध्ये त्यांनी घातलेली स्वतःची बचत गेली.