पंचहौदचं देवालय चालवतं कोण?

पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौदला पवित्र नाम देवालय आहे. ते १८८५ साली बांधलं गेलं. शहराच्या इतिहासात पंचहौदचं नाव निघतं ते बहुतेक वेळा १८९०च्या चहामुळे. त्या ऑक्टोबरात रानडे, टिळक आणि गावातली इतर नामवंत मंडळी इथल्या मिशनमध्ये सभेला आली. पुढे चहा-बिस्किटं आली, ती कुणी घेतली, कुणी मान राखण्यापुरती हातात धरली. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. त्या चहावर भरपूर लिहून झालं आहे. तो ज्यांच्या आवारात दिला गेला, ती मंडळी आपला कारभार कसा चालवते, हे मात्र शेजारच्या वाड्यातल्या लोकांनाही क्वचितच ठाऊक असतं.

हे देवालय अँग्लिकन परंपरेतलं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या उपासनापद्धतीतून आलेलं. कॅम्पातलं सेंट मेरीजही त्याच परंपरेतलं, पण ते १८२५ सालचं, लष्करासाठी बांधलेलं आणि इंग्रजीत चालणारं. पंचहौदचा पिंडच निराळा. ऑक्सफर्डच्या काउलीहून आलेले संन्यस्त फादर आणि वाँटेजहून आलेल्या सिस्टर्स यांनी इथलं काम उभारलं, आणि उपासना झाली ती मराठीत. ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, याच काउलीच्या फादरांबरोबर राहिले. १९३०मध्ये हिंदुस्थानातली अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या चर्चच्या कायदेशीर बंधनातून मोकळी झाली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. बॅप्टिस्टांसारख्या काही मंडळ्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नसत, अँग्लिकन देत. एकीकरणात दोन्ही रीती मान्य केल्या गेल्या. ही तडजोड मला फार मोलाची वाटते, कारण कुणालाही आपल्या आजोबांची श्रद्धा चुकीची होती असं म्हणावं लागलं नाही. आज पवित्र नाम हे पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे, म्हणजे बिशपचं आसन असलेलं देवालय.

आता माणसांकडे वळू. धर्मसेवेच्या पायऱ्या तीन: डीकन, प्रेस्बिटर आणि बिशप. प्रेस्बिटरला लोक पाळकसाहेब म्हणतात. पाळक व्हायचं तर आधी आपल्या मंडळीची आणि धर्मप्रांताची संमती हवी, मग धर्मशास्त्राचं शिक्षण. त्यानंतर बिशप डोक्यावर हात ठेवून डीकन म्हणून नेमणूक करतात. डीकनला उपासनेत वाचता येतं, उपदेश करता येतो, द्राक्षारसाचा प्याला वाटता येतो. भाकर आणि द्राक्षारस पवित्र करता येत नाही. तो अधिकार प्रेस्बिटर झाल्यावर मिळतो, आणि त्या विधीत बिशपबरोबर हजर असलेले इतर पाळकही हात ठेवतात. पाळक लग्न करतात, मुलाबाळांसह पार्सोनेजमध्ये राहतात. बिशपच्या हुकमाने त्यांची बदली होते. पाळक काही वर्षांनी बदलतो, उपासनेचं पुस्तक आणि मंडळी जागच्या जागी राहतात. पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे.

रविवारची उपासना बघा. मुख्य उपासना पवित्र सहभागितेची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याची. घंटाघरात आठ घंटा आहेत, त्या लोकांना बोलावतात. वेदीकडे निघालेल्या मिरवणुकीत पुढे क्रूस, मग क्वायर, सर्वांत शेवटी पाळक असा क्रम असतो. आरंभी सगळे मिळून पापांगीकार करतात आणि पाळक क्षमेची घोषणा करतात. मग शास्त्रपाठ: जुन्या करारातला, एक स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतला आणि शेवटी शुभवर्तमान. आधीचे पाठ मंडळीतलं कुणीही वाचतं, पुष्कळदा कॉलेजात जाणारी मुलगी किंवा निवृत्त शिक्षक. शुभवर्तमानाला मात्र सगळे उभे राहतात. त्यानंतर उपदेश, नायसीन मतांगीकार आणि मध्यस्थीच्या प्रार्थना होतात. या प्रार्थनांत देशाचे अधिकारी येतात, पाऊस येतो आणि मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं येतात. ती यादी सेक्रेटरीकडे आधी द्यावी लागते.

पाळकाचा उपदेश एखाद्या रविवारी फिका पडला तरी उपासना पडत नाही. शब्द पुस्तकात छापलेले आहेत, आणि त्यांतला मोठा वाटा बसलेल्या लोकांनी म्हणायचा असतो. कित्येक आज्यांना पुस्तक लागतही नाही. मधल्या गीतांसाठी ‘उपासना संगीत’ हाताशी असतं. त्यात रेव्हरंड टिळकांची भजनं आहेत; चहाच्या सभेतले टिळक ते हे नव्हेत. रेव्हरंड टिळक अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. पण मराठी ख्रिस्ती माणूस गाताना पंथ विचारत बसत नाही.

अर्पणाची थैली फिरते, भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतात, पाळक उपकारस्तुतीची प्रार्थना म्हणतात. मग लोक रांगेने पुढे येऊन कठड्याशी गुडघे टेकतात, उजव्या तळव्याखाली डावा तळवा धरतात आणि भाकर घेतात. सगळ्यांचं झाल्यावर पाळक प्याल्यात उरलेला रस स्वतः पितात, प्याल्यात थोडं पाणी ओततात, तेही पितात, आणि पांढऱ्या सुती कापडाने आतून पुसतात. पवित्र केलेला एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून हे करायचं. वेदीवरची अशी कापडं धुऊन इस्त्री करणं, फुलं लावणं, पितळेची मेणबत्तीदाणी घासणं हे काम मंडळीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात धडपणे होत नाही.

वेदीवरच्या कापडाचा रंग पाहिला की वर्षातला काळ कळतो. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला लाल, बाकी बहुतेक वर्षभर हिरवा. उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. रविवार त्यात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार. त्यासाठी चर्चचं स्वतःचं कोष्टक आहे, त्यामुळे पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. पण ढोबळ मानाने ईस्टर कधी होळीपाठोपाठ येतो, कधी हनुमान जयंतीपाठोपाठ. २०२४मध्ये होळीनंतर ३१ मार्चला आला, २०२५मध्ये हनुमान जयंतीनंतर २० एप्रिलला.

मंडळीचा कारभार पाहते पास्टोरेट कमिटी. तिचे सभासद वार्षिक सभेत निवडले जातात, अध्यक्ष पाळक. सेक्रेटरी आणि खजिनदार मंडळीतले, बिनपगारी. मत द्यायचं तर नाव यादीत हवं आणि वर्गणी भरलेली हवी. उपासनेनंतर अर्पणाचे पैसे एकट्याने मोजायचे नाहीत. दोघं-तिघं बसून मोजतात आणि वहीवर सह्या करतात. त्यातला ठरलेला हिस्सा धर्मप्रांताकडे जातो. वरच्या पातळीवरच्या धर्मप्रांत कौन्सिलमध्ये पाळकांबरोबर मंडळ्यांनी निवडून पाठवलेली साधी माणसंही बसतात. इथे भांडणं होतात, मालमत्तेवरून तर फार कडवी होतात, आणि ती झाकून ठेवण्यात मला काही अर्थ वाटत नाही. ज्या मंडळीत वार्षिक सभेला लोक येतात आणि हिशेब वाचून प्रश्न विचारतात, तिथे ती लवकर मिटतात.

आठवडाभर आवार जागं असतं. संडे स्कूल, तरुण संघ, महिला संघाची प्रार्थनासभा, डिसेंबरात घरोघर जाणारी कॅरलची टोळी. घरात मयत झाली तर पाळकाच्याही आधी शेजारच्या ख्रिस्ती घरातला चहाचा थर्मास पोचतो.

शेवटी नोंदवह्या. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन यांची वेगवेगळी वही असते. विवाह १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतो. आधी देवालयात जाहीर सूचना दिली जाते, हरकत असेल त्याने ती सांगायची. लग्न सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात लावायचं, आणि पाळकाखेरीज दोन साक्षीदार हवेत. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्मपिता-धर्ममाता आणि पाळकाची सही असते. जुन्या वह्यांची पानं आता ठिसूळ झाली आहेत. पासपोर्टसाठी पणजोबांचा पुरावा शोधणारा नातू आला की ती उलटावी लागतात. प्रत्येक मंडळीने या वह्यांचं छायाचित्रण तातडीने करून घ्यावं. पाळकाची बदली झाली की त्या वह्या, किल्ल्या आणि वेदीच्या भांड्यांची यादी कमिटीसमोर तपासून नव्या पाळकाच्या स्वाधीन केली जाते, आणि येणाऱ्या रविवारी तोच क्रम, तेच पुस्तक घेऊन उपासना सुरू होते.