पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताय? रंगाआधी तिचा ब्रिज बघा

रील्सवर एखादा सोलो बघायचा, शॉपिंग ॲप उघडायचं आणि फोटोत सगळ्यात भारी दिसणारी गिटार कार्टमध्ये टाकायची. पहिली इलेक्ट्रिक गिटार बरेच जण अशीच घेतात. पुण्या-मुंबईत काही बिघडलं तर जवळच्या दुकानात नेता येते. मानोऱ्यात मात्र ती सुरात राहिना म्हणून अकोला नाहीतर अमरावतीची एसटी धरावी लागते. सोयाबीनच्या पैशातून घेतलेली वस्तू मग महिन्याभरात कपाटावर जाते आणि घरचे म्हणतात, पोराला जमलं नाही.

अनेकदा पोराची चूक नसतेच. त्रास ब्रिजचा असतो.

ब्रिज म्हणजे नेमकं काय?

तंबोऱ्याची किंवा सतारीची घोडी माहितीये ना? गिटारवर तेच काम ब्रिज करतो. इलेक्ट्रिक गिटारवर सहसा 9-42 चा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.009 इंच आणि सगळ्यात जाड 0.042 इंच. या सहा तारांचा मिळून ताण साधारण 38 किलो होतो आणि तो ब्रिजला पेलावा लागतो.

नवशिक्यांच्या गिटारींवर मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

फिक्स्ड ब्रिज : लाकडात घट्ट बसवलेला, हलत नाही. यालाच हार्डटेल म्हणतात. फेंडरच्या टेलिकास्टरवर हाच असतो. गिब्सनने 1954 मध्ये आणलेला ट्यून-ओ-मॅटिकही याच गटातला.

ट्रेमोलो : दांडी असलेला, हलणारा ब्रिज. 1954 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमुळे तो प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे ट्रेमोलोचा खरा अर्थ आवाज लहान-मोठा होणं. ही दांडी तर सूरच खाली-वर करते, ज्याला व्हायब्रेटो म्हणतात. पण चुकीचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

फ्लॉईड रोझ : 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेला ब्रिज. यात तारा दोन्ही टोकांना लॉक होतात. मेटल वाजवणाऱ्यांचा लाडका, पण तार बदलायलाही ॲलन की लागते.

हलणाऱ्या ब्रिजचा त्रास काय?

रस्सीखेच आठवा. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा. दोघांचा जोर सारखा असेल तोवर ब्रिज जागेवर. एक तार सैल केली की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. त्या उतरवाव्यात तर पहिली पुन्हा हलते.

आता गावातल्या कार्यक्रमाचा विचार करा. गायकाची पट्टी वेगळी निघाली आणि तुम्हाला सगळ्या तारा अर्धा स्वर खाली घ्यायच्या आहेत. फिक्स्ड ब्रिजवर दोन-तीन मिनिटांचं काम. तरंगत्या ब्रिजवर खुंट्यांच्या तीन-चार फेऱ्या, वर स्प्रिंगांचे स्क्रूही फिरवावे लागतात. गाण्याच्या मध्येच तार तुटली तर बाकीच्या पाचही बेसूर.

आपल्याकडच्या गाण्यांसाठी आणखी एक मुद्दा. मींड काढायला गिटारवर तार बाजूला ओढतात. तरंगत्या ब्रिजवर एक तार ओढली की सोबत वाजणाऱ्या दुसऱ्या तारेचा सूर उतरतो. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच कान कच्चा आहे.

मग घ्यायची कोणती?

शिकवायला किंवा दुरुस्तीला जवळ कोणी नसेल तर पहिली गिटार फिक्स्ड ब्रिजची घ्या. ऑनलाइन माहितीत 'हार्डटेल' किंवा 'फिक्स्ड ब्रिज' हे शब्द शोधा. स्क्वायरच्या सॉनिक मालिकेतल्या स्ट्रॅटोकास्टरचं 'एचटी' मॉडेल हार्डटेल आहे. आयबानेझच्या जीआरजी121डीएक्सवरही फिक्स्ड ब्रिज आहे. फोटोत दांडी दिसली आणि पाठीमागे प्लास्टिकचं आयताकृती झाकण असेल तर ती ट्रेमोलो समजा.

सगळे पैसे गिटारवर घालू नका. छोटा ॲम्प, केबल आणि तारांचा एक जादा सेट लागतोच. ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज जेमतेम खोलीपुरता येतो. लाईट जात असेल तर चार्जिंगवर चालणारा हेडफोन ॲम्प सोयीचा. ट्यूनरचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं.

ट्रेमोलोवाली आधीच घेतलीये?

काळजी नको, विकू नका. मागचं झाकण उघडलं की स्प्रिंगा जिथे अडकवल्यात तिथे दोन स्क्रू दिसतील. ते थोडे-थोडे आवळा, ब्रिज लाकडाला टेकेल. स्प्रिंगा तीनच असतील तर आणखी एक-दोन लावता येतात. म्हणजे तार तुटली तरी बाकीच्या फारशा हलत नाहीत. नंतर सगळ्या तारा पुन्हा सुरात लावा. हा उपाय साध्या ट्रेमोलोसाठी आहे, फ्लॉईड रोझसाठी नाही. आणि तारा बदलताना एकेक करून बदला.

पार्सल आल्यावर हे तपासा

- खोकं उघडताना व्हिडिओ काढा, परत करायची वेळ आली तर पुरावा राहतो.
- प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून वाजवा. ॲम्पमधूनही खरखर ऐकू येत असेल तर विक्रेत्याला कळवा.
- बाराव्या पडद्यापाशी तार धातूपासून साधारण दीड ते अडीच मिलिमीटर वर हवी. फार उंच असेल तर बोटं दुखतात.
- तार मोकळी वाजवा, मग बारावा पडदा दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही वेळा तोच स्वर, फक्त एक सप्तक वर दिसला पाहिजे.

एक शेवटचं. विदर्भातला मे महिन्याचा उन्हाळा आणि मग पावसाळ्याची दमट हवा यांनी लाकडी मान किंचित वाकते, सूरही हलतो. गिटार पत्र्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नका आणि रोज वाजवण्याआधी सुरात लावा. दांडीवाल्या गिटारची हौस असेल तर ती दुसऱ्या गिटारवर भागवता येईल.