विष उतरते कसे?

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर खात्रीचा इलाज नव्हता. घामाच्या धारा, उलट्या, गार पडलेले हातपाय; मग फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस. धडधाकट माणसे आणि लहान मुले डोळ्यांदेखत जात.

हे विष मज्जातंतूंना चेतवून रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयावर असह्य ताण आणते. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी तो आवळ सोडवते. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा हा अनुभव 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पण प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. मग विष जाते कुठे?

विंचवाची विषारी प्रथिने आकाराने लहान, जेमतेम 7 हजार डाल्टनची. ती भराभर रक्तातून पेशींपर्यंत झिरपतात. प्रतिविषाचे मोठे रेणू त्यांना धरून ठेवतात, आणि ही जोडगोळी शरीर हळूहळू मोडीत काढते. महाडच्या 70 रुग्णांवरील चाचणी 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्यांपैकी 91.4 टक्के रुग्ण 10 तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर 22.9 टक्के. तालुक्याच्या गावातून आलेला हा पुरावा जगाने वाचला, याचे मोल फार मोठे आहे.

धरा आणि हलवा, ही रीत शरीराची स्वतःचीही आहे. रक्तात एन्झाइमना आवर घालणारी प्रथिने सतत फिरत असतात. त्यांतले अल्फा-2 मॅक्रोग्लोब्युलिन हा अक्षरशः सापळा. एन्झाइमने त्याचा लचका तोडला की सापळा मिटतो, त्याचा आकार पालटतो आणि आत दडलेला भाग उघडा पडतो. यकृताच्या पेशींवरचा एलआरपी-1 नावाचा ग्राहक तोच भाग ओळखतो, सारे आत ओढतो आणि पेशी ते पचवून टाकते. अँटिथ्रॉम्बिनचेही तसेच: मोकळे असताना ते दिवसचे दिवस रक्तात टिकते, थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या एन्झाइमला पकडले की काही मिनिटांत यकृतात जाते.

कोकणातल्या फुरसे या सापाच्या विषापुढे मात्र ही यंत्रणा अपुरी पडते. ते विष रक्त गोठवणारी प्रथिने खर्ची घालते. मग रक्त गोठतच नाही. परीक्षा साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ताजे रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी तिरकी करायची. रक्त वाहिले, तर प्रतिविष हवे. प्रतिविष दिल्यावर साधारण 6 तासांनी हीच चाचणी पुन्हा करतात, कारण खर्ची पडलेली प्रथिने नव्याने घडवायला यकृताला तेवढा अवधी लागतो.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती: विंचू किंवा साप चावला, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, जखमेला चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. चावलेला अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा.