बिड्या किती? शेवटची दारू कधी?

सकाळी 7.30
पुरुषांच्या छातीच्या वॉर्डात शिरलं की आधी खोकला ऐकू येतो, मग सिस्टरचा रात्रपाळीचा रिपोर्ट. बिडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला लांबलेला आणि ओला असतो, शेवटी घट्ट बेडका पडतो. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. निरोगी माणसात ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि धूळ, जंतू चिकटलेला कफ घशाकडे सरकवत नेतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. धुरामुळे हे केस मंदावतात, आखूड होतात आणि पुढे काही जागी केसाळ पेशीच नाहीशा होऊन तिथे नुसत्या चपट्या पेशी येतात. कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढतात. साचलेलं बाहेर काढायला मग खोकल्याशिवाय दुसरा उपाय राहत नाही.

"पहिली बिडी ओढल्याशिवाय छाती मोकळी होत नाही," असं बहुतेक जण मनापासून सांगतात. रात्रभर धूर नसल्यामुळे जे केस जरा हलू लागलेले असतात, ते त्याच बिडीने पुन्हा थंडावतात.

सकाळी 9.30
ओपीडी. चाळिशी ओलांडलेला गवंडी, तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कसकस, वजन उतरलेलं. सोबत बायको.

"दादा, बिड्या किती?"
"एक बंडल."
"आणि दारू?"
"कधीमधी, साहेब."

बायको जमिनीकडे बघत म्हणते, "रोज एक क्वार्टर असते."

क्वार्टर म्हणजे 180 मिली. व्हिस्की किंवा रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल धरलं, तर वजनात ते साधारण 60 ग्रॅम भरतं. रोज 40 ग्रॅमच्या वर अल्कोहोल घेणाऱ्यांत टीबीचा धोका सुमारे तिपटीने वाढलेला आढळतो. धूम्रपानाने तो जवळपास दुप्पट होतो. या माणसाला दोन्ही आहेत. मी थुंकीच्या दोन डब्या लिहून देतो, एक आत्ताची आणि एक उद्या पहाटेची. एक्सरे आजच.

कॅन्सरचं चित्र बिडीच्या बंडलावरच छापलेलं असतं आणि दारूने लिव्हर जातं हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण या दोन्हींमुळे छातीचा पहारा उठतो, आणि त्यामुळे कॅन्सर-लिव्हरच्या कितीतरी आधी, ऐन कमावत्या वयात माणूस आमच्या वॉर्डात येतो, हे कुणी सांगत नाही. मला ते प्रत्येक खुर्चीसमोर सांगावंसं वाटतं. बाहेर रांग असते, म्हणून दोन वाक्यांत सांगतो.

सकाळी 11.30
दुर्बिणीची तपासणी. फुप्फुसाच्या एका भागात सलाइन सोडून ते परत ओढून घेतो. त्यात वायुकोशांतल्या पेशी येतात. दुपारी त्यांची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आमच्या शिकाऊ डॉक्टरांना मी मुद्दाम बोलावतो. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्याच्या भक्षक पेशी फिकट, स्वच्छ दिसतात. ओढणाऱ्याच्या काचेवर त्यांची गर्दी कितीतरी जास्त असते, पण प्रत्येकीच्या पोटात तपकिरी-काळे कण ठासून भरलेले. त्यांचं खरं काम जंतू गिळून मारण्याचं. काजळी भरलेल्या या पेशी जंतू नीट मारू शकत नाहीत. उलट त्यांच्यातून सतत पाझरणाऱ्या रसायनांनी फुप्फुसाचंच नाजूक जाळं विरत जातं. संख्या वाढूनही संरक्षण घटलेलं असतं.

दारूची इजा अशी डोळ्यांना दिसत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याच्या फुप्फुसातल्या ओलाव्यात ग्लुटाथिऑन नावाचं संरक्षक द्रव्य फार कमी झालेलं असतं. त्याअभावी तिथल्या भक्षक पेशी दुबळ्या पडतात. काचेवर त्या चांगल्या दिसल्या, तरी जंतू समोर आला की कमी पडतात.

दुपारी 4.00
सकाळी दाखल झालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णाचा रिपोर्ट हातात येतो. वय 38, ताप 103, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. एवढ्या मोठ्या संसर्गात रक्तातल्या पांढऱ्या पेशी पंधरा-वीस हजारांवर जायला हव्यात. इथे 2,900 आहेत. दीर्घकाळच्या दारूने अस्थिमज्जाच दबते. संसर्गाच्या जागी धावून जाणाऱ्या पेशी वेळेवर पोचत नाहीत, पुरेशा बनतही नाहीत. हा आकडा बघून पोटात गोळा येतो. अतिदक्षता विभागात खाट मागतो.

खालचा उजवा भागच का, असं एक विद्यार्थिनी विचारते. दारूच्या गुंगीत ठसका लागत नाही. हिरड्यांमधले जंतू लाळेबरोबर, कधी उलटीबरोबर खाली उतरतात, आणि उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते. पुढे तिथे गळू होऊन थुंकीला घाण वास सुटतो.

1996 साली अमेरिकेतल्या डॉक्टर मार्क मॉस आणि सहकाऱ्यांनी गंभीर आजारी रुग्णांचा अभ्यास केला. दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी 43 टक्क्यांची फुप्फुसं पाण्याने भरून निकामी झाली होती, इतरांत हे प्रमाण 22 टक्के होतं. अतिदक्षतेतल्या प्रत्येक व्हेंटिलेटरसमोर मला हे आकडे आठवतात.

संध्याकाळी 6.00
नातेवाईक भेटीची वेळ. शेवटची दारू कधी घेतली, हे न्यूमोनियाच्या रुग्णाच्या थोरल्या भावाकडून काढून घ्यावं लागतं. लाजेपोटी तो आधी "सोडलीय" म्हणतो, मग "परवा रात्री." ही वेळ कळणं फार गरजेचं आहे. दारू अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस थरथरतो, बरळतो, ऑक्सिजनचा मास्क ओढून फेकतो. म्हणून आजच थायमिनचं इंजेक्शन आणि थरथर आवरणारी औषधं सुरू होतात.

पलीकडच्या खाटेवरचे काका बरे होऊन उद्या घरी निघालेत. "बिडी सोडल्यापासून कफ वाढलाय, साहेब. एखादी ओढली तर?" मी खाटेवर बसतो. केस पुन्हा कामाला लागलेत, काका, साचलेलं वर आणतायत. काही आठवडे असं होईल, पाणी प्या, वाफ घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाची लस लिहून देतो. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत नंबर त्यांच्या सुनेच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतो.

रात्री 9.45
अतिदक्षतेतून फोन. ऑक्सिजन थोडा सुधारलाय, पण पेशंट सुस्त आहे, सर. मी सांगतो: तोंडाने काहीही देऊ नका, डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंशांवर उचलून ठेवा, तोंड दर चार तासांनी स्वच्छ करा आणि पहाटे पांढऱ्या पेशी पुन्हा मोजा.